‘मी निघालो’ म्हणणारी पॉली

परवा रात्री साडेअकराला ‘मॉन्स्ट्रस रेजिमेंट’ संपली. शेवटचं पान मी आईला दोनदा वाचून दाखवलं. आई शहाऐंशीची आहे. डोळे अधू झाल्यापासून तिचं सगळं वाचन माझ्या तोंडून चालतं. पुस्तक इंग्रजी असलं की मी वाचता वाचता मराठी करत जाते. ह्या कादंबरीला आम्हाला सदतीस रात्री लागल्या. अडतिसाव्या रात्री वाचायला काही नव्हतं, तरी आई साडेनऊला उशी पाठीला लावून बसलीच.

हे पुस्तक मराठीत यायला हवं, म्हणून लिहिते आहे. त्याचं मोठं कारण त्याच्या शेवटात आहे, त्यामुळे तो शेवट मी इथं सांगणार आहे. ज्या पुस्तकाचा शेवट कळल्यावर वाचायला काही उरत नाही, त्याच्यासाठी मी वर्तमानपत्राची जागा मागितली नसती.

लेखक टेरी प्रॅचेट, इंग्लंडचे. जन्म 1948चा, मृत्यू 2015चा. चार हत्तींच्या पाठीवर तोललेली सपाट पृथ्वी आणि ते हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर, अशा ‘डिस्कवर्ल्ड’ नावाच्या जगात त्यांनी 1983 पासून 41 कादंबऱ्या रचल्या. ही त्यातली 2003 सालची. आईला हत्ती-कासवाचं काही नवल वाटलं नाही. शेषाच्या फण्यावर पृथ्वी आहे हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे.

बोरोग्राव्हिया नावाचा एक लहानसा देश सगळ्या शेजाऱ्यांशी लढतो आहे. त्याचा देव नगन रोज नवनव्या गोष्टी निषिद्ध ठरवतो. लसूण निषिद्ध, चॉकलेट निषिद्ध, मांजर, निळा रंग, तान्ही बाळं, सगळं निषिद्ध. यादी सारखी वाढते, म्हणून त्यांचा धर्मग्रंथ नवी पानं घालता येतील अशा फायलीत ठेवलेला असतो. ह्या देशात बाईला मालमत्ता मिळत नाही. पॉली पर्क्सच्या बापाची खानावळ पुढे चालायची तर सैन्यात गेलेला तिचा भाऊ परत यायला हवा. म्हणून पॉली केस कापते, ‘ऑलिव्हर’ हे नाव घेते आणि सैन्यात भरती होते. प्रियकरामागे पुरुषवेशात फौजेत गेलेल्या पॉली ऑलिव्हरचं एक जुनं इंग्रजी लोकगीत आहे, हे नाव त्यातलं. पुस्तकाचं नाव मात्र जॉन नॉक्स ह्या धर्मोपदेशकाच्या 1558 सालच्या पत्रकातून उचललेलं. बायकांनी राज्य करण्याविरुद्ध त्याने ते लिहिलं होतं, आणि तेव्हा ‘रेजिमेंट’ म्हणजे राज्यकारभार.

देशातले पुरुष संपत आलेत. ही शेवटची भरती. तुकडीत एक रक्तपिपासू आहे, ज्याने रक्त सोडून कॉफीचं व्यसन लावून घेतलंय. एक दगडी राक्षस आहे, माणसांचे तुटलेले अवयव शिवणारा एक इगोर आहे आणि काही किडकिडीत पोरं. कॉफी हरवल्यावर त्या रक्तपिपासूची जी तगमग होते, ती वाचताना आई म्हणाली, “च्या न मिळाल्यावर तुझ्या मामाचं हुतंय तसं.” पुढे हळूहळू कळत जातं की तुकडीत पॉली एकटी नाही. हाही पोरगी, तोही पोरगी. एक लेफ्टनंट ब्लाऊझ तेवढा खरा पुरुष, आणि शत्रूच्या ताब्यातल्या किल्ल्यात शिरण्यासाठी तो मोठ्या हौसेने धोबिणीचा वेष घेतो.

इथंच माझं मराठी अडलं. इंग्रजीत प्रत्येक जण ‘आय’ म्हणतो आणि त्या एका अक्षरामागे बाई आहे की पुरुष, हे झाकलेलं राहतं. मराठीत ‘मी’पर्यंत झाकता येतं, क्रियापदाला तोंड फुटलं की सगळं उघडं. गेलो की गेले? भुकेला की भुकेली? पहिल्या चार-पाच रात्री मी चाचपडत होते. सगळ्यांना ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणायला लावलं आणि आईला सांगितलं, “ह्या पोरी आहेत हे कुणाला कळू नये म्हणून अशा बोलतात.” आई म्हणाली, “अशा म्हंजे कशा?”

आम्ही कोल्हापूरचे. आमच्या भागात बायका ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणतात. आई जन्मभर तसंच बोलत आली. तिच्या कानाला त्या बोलण्यात सोंग सापडेना. मला मात्र एकोणिसाव्या वर्षाची आठवण झाली. शिकायला पुण्याला गेले तेव्हा वर्गात मी पहिल्याच दिवशी “मी कोल्हापूरहून आलो” म्हणाले आणि वर्ग हसला. प्राध्यापकांनी मला उभं करून “आले, आले” असं तीनदा म्हणवून घेतलं. त्या दिवसापासून बाहेर माझी ‘आले’ झाली आणि घरी ‘आलो’ राहिली. एसटी शिरोली नाक्याला पोचली की माझं क्रियापद बदलायचं. पॉली विजारीत पायमोजे कोंबून, ढेंगा टाकत पुरुषासारखं चालायला शिकते, ती पानं मी आईला वाचून दाखवत होते आणि मनातून त्या वर्गात उभी होते.

आता शेवट. युद्धावरची विनोदी कादंबरी संपवणं फार अवघड काम आहे. हसत संपवली तर मेलेल्यांचा अपमान होतो. रडत संपवली तर वाचकाला वाटतं, मग इतका वेळ हसवलंत कशाला? यारोस्लाव हाशेक 1923 साली वारला आणि त्याच्या कादंबरीतला सैनिक श्वाइक अर्ध्या वाटेवरच राहिला. जोसेफ हेलरच्या 1961च्या ‘कॅच-22’ मधला योसारियन अखेर स्वीडनची वाट धरतो. युद्धातून पळणं हा शहाणपणाचाच शेवट, मला तो मान्य आहे. पण पळायला जागा नसते अशा माणसांचं काय, हे तिथं राहून जातं.

प्रॅचेट आधी एक शेवट देतात, ज्याच्यावर दुसरा लेखक थांबला असता. मूठभर पोरी किल्ला सोडवतात. त्यांच्याच सैन्याचे वरिष्ठ त्यांना बायका म्हणून चौकशीला उभं करतात. तिथं सार्जंट जॅक्रम येतो. हा जॅक्रम म्हणजे लाल डगल्यातला अगडबंब म्हातारा, गालात तंबाखू, निवृत्तीचा कागद टाळत वर्षानुवर्षं फौजेत टिकलेला. सगळ्या सेनापतींची अंडीपिल्ली त्याला ठाऊक. तो एकेकाला बाजूला घेतो आणि उलगडतं की त्या देशाच्या लष्करी नेतृत्वातला जवळपास तिसरा हिस्सा पुरुषवेशातल्या बायकांचाच आहे. आई इथं टाळ्या वाजवून हसली. मीही हसले. मग तह होतो. आई म्हणाली, “झालं?” पानं अजून बरीच शिल्लक होती.

पुढचा प्रसंग माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा कळस आहे. पॉली जॅक्रमला एकट्याला गाठते. तिने ओळखलेलं असतं, जॅक्रमही बाईच आहे. तरुणपणी विल्यम नावाच्या प्रियकरामागे फौजेत आलेली. तो लढाईत मेला. मूल झालं, ते मागे ठेवून ती पुन्हा फौजेत गेली. मुलगा आता शस्त्रं घडवणारा नामांकित कारागीर आहे. म्हातारीला त्याच्याकडे जावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडाने जाणार? सोडून गेलेली, तंबाखू खाणारी एक लठ्ठ म्हातारी दारात येऊन म्हणणार, मी तुझी आई? तेव्हा पॉली सुचवते, आई म्हणून कशाला, बाप म्हणून जा. छातीवर पदकं लावून, सार्जंट जॅक्रम म्हणून जा.

मी थांबले. आईही गप्प होती. मग म्हणाली, “बरोबर सांगितलं पोरीनं. चाळीस वर्सं जे हाय, त्येच खरं की.” एखाद्याचा वेष उतरवला की खाली खरा माणूस सापडतो, अशी आपली समजूत असते. इथं लेखक ती मानत नाही. जॅक्रमने डगल्यात आयुष्य काढलंय, तो डगला आता त्याचाच आहे. हे सांगायला प्रॅचेट एकही जड शब्द वापरत नाहीत, आणि त्याआधी चारशे पानं आपल्याला हसवून त्यांनी ते ऐकण्याइतकं मन मोकळं केलेलं असतं.

ही निव्वळ कल्पना म्हणून कुणी सोडून देऊ नये. आयर्लंडमध्ये मुलगी म्हणून जन्मलेला अल्बर्ट कॅशियर 1862 साली इलिनॉयच्या 95व्या पायदळ पलटणीत भरती झाला, अमेरिकेचं यादवी युद्ध लढला आणि त्यानंतरही लहानशा गावात पुरुष म्हणूनच जगला. 1911 साली मोटारीच्या अपघातात पाय मोडला. पुढे वेड्यांच्या इस्पितळात त्याला स्कर्ट घालायला लावला. पलटणीतले म्हातारे साथीदार त्याच्या बाजूने उभे राहिले, म्हणून त्याचं पेन्शन वाचलं. 1915 साली तो वारला तेव्हा त्याला सैनिकी गणवेशात, लष्करी सन्मानाने पुरलं. कॅशियरच्या अखेरच्या वर्षांत त्याला जे नाकारलं गेलं, ते पॉली जॅक्रमला देऊ करते, असं मला वाटतं.

आणि मग तिसरा शेवट. पॉली घरी येते. खानावळ आहे, भाऊ सापडलाय, नगनची निषिद्धं लोक विसरू लागलेत. सगळं जागच्या जागी. आणि पुन्हा युद्ध सुरू होतं. पॉली गणवेश चढवून निघते, ह्या वेळी सार्जंट म्हणून आणि बाई म्हणून. वाटेत तिला भरतीला निघालेल्या दोन पोरी भेटतात, केस कापलेल्या, पोरांच्या कपड्यातल्या. पॉली त्यांना क्षणात ओळखते. आता लपायची सक्ती उरलेली नाही, लपायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, एवढं ती त्यांना सांगते.

शांतता टिकली नाही म्हणून काही वाचकांना हा शेवट निराशेचा वाटेल. मला तो पोटभर वाटला, आणि त्याचं कारण आमच्या घरात आहे. आईचं माहेर शिरोळ तालुक्यातलं, सैनिक टाकळीच्या पंचक्रोशीतलं, जिथं फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. बाबा बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. 23 सप्टेंबर 1965ला युद्धविराम झाला आणि डिसेंबरात ते रजेवर आले. आईने त्यांची काळी ट्रंक रिकामी करायला घेतली, तर ते म्हणाले, अर्धीच कर. ती ट्रंक पुढची सहा वर्षं कॉटखाली अर्धी भरलेली होती. 1971 आलं तेव्हा वरचे कपडे घालायला त्यांना दहा मिनिटं पुरली. तह झाला की गोष्ट संपते, असं आईने कधीच मानलं नाही. आपले युद्धपट झेंडा फडकला की संपतात, तेव्हा ती टीव्ही बंद करायला सांगते.

माझी भाची सतरा वर्षांची आहे, एनडीएच्या परीक्षेची तयारी करते. 30 मे 2025ला खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, ते संचलन तिने मोबाइलवर किती वेळा पाहिलं असेल. तिने युद्धाला जावं असं मला वाटत नाही. तिच्या आजीलाही वाटत नाही. पण तिला हे पुस्तक मी देणार आहे. ज्यांच्या नावाने पोरं मरतात, त्यांना ते मरण दिसत नाही, हे ह्या पुस्तकात पानापानावर आहे, आणि तिला कुणी केस कापून नाव बदलायला सांगणार नाही, हेही आहे.

शेवटचं पान मी आधी वहीत मराठी करून ठेवलं होतं, वाचताना अडखळायला नको म्हणून. एकच शब्द दोनदा खोडला होता. पॉली निघते तेव्हा काय म्हणेल? प्रमाण मराठीत ‘मी निघालो’ म्हणाली तर ती अजून लपलेलीच ठरते. ‘मी निघाले’ म्हणाली तर ती उघड होते, पण फौजेत तिने जो आवाज कमावला तो कुठे गेला? परवा मी आईलाच विचारलं, काय लिहू?

“निघालो म्हनंल की,” आई म्हणाली. “मी काय येगळं बोलतो?”

वहीत तसंच लिहिलं आहे.