गिधाडे गेली, किंमत माणसांनी मोजली

‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ हे अर्थशास्त्रातील जगातील अग्रगण्य नियतकालिकांपैकी एक. २०२४ साली त्यात भारतातील गिधाडांवरील एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शिकागो विद्यापीठातील इयाल फ्रँक आणि वॉरविक विद्यापीठातील अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष हादरवून टाकणारा आहे. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक मृत्युमुखी पडली, असा त्यांचा अंदाज आहे. या हानीचे मूल्य त्यांनी वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर इतके काढले आहे. पक्षीतज्ज्ञ गेली पंचवीस वर्षे जे सांगत आले, ते आता अर्थशास्त्राच्या भाषेत मांडले गेले आहे. प्रश्न असा आहे की, औषधांना परवाने देणाऱ्या यंत्रणेने या साऱ्या प्रकरणातून नेमका कोणता धडा घेतला?

गिधाडाला आपल्या समाजात फारसा मान कधीच नव्हता. रामायणातील जटायूचा अपवाद सोडला तर हा पक्षी अशुभाचे प्रतीक मानला गेला आणि राजकीय भाषणांत तर तो शिवीसारखाच वापरला जातो. तथापि खेड्यापाड्यांतील आरोग्यव्यवस्थेचा तो बिनपगारी सेवक होता. भारतात गाई आणि म्हशींची एकत्रित संख्या २०१९ च्या पशुगणनेनुसार तीस कोटींच्या घरात आहे. यातील बहुसंख्य गाई-बैल खाल्ले जात नाहीत. जनावर मेले की कातडे सोलून सांगाडा गावाबाहेर टाकायचा आणि पुढचे काम गिधाडांवर सोपवायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. गिधाडांचा मोठा थवा एखाद्या जनावराचा काही तासांतच फडशा पाडीत असे. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात अनेक घातक रोगजंतूही टिकत नाहीत. मृतदेहातील संसर्ग पाण्यात, मातीत किंवा इतर प्राण्यांत पसरण्याआधीच तो थांबत असे. मुंबईच्या मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाची अंत्यविधीची परंपराही याच पक्ष्यावर उभी होती. गिधाडे दिसेनाशी झाल्यावर तेथे सौर परावर्तक बसविण्याची वेळ आली.

धोक्याची पहिली घंटा राजस्थानात वाजली. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. त्या वेळी उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची तीनशेहून अधिक घरटी होती. दहा-बारा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली तेव्हा निम्म्याहून कमी उरली होती. झाडांवर माना खाली टाकून बसलेली आजारी गिधाडे आणि झाडाखाली मेलेली गिधाडे दिसत होती. शतक संपता संपता तेथील घरटी शून्यावर आली. जुन्या नोंदी हाताशी नसत्या, तर ‘हल्ली गिधाडे कमी दिसतात’ यापलीकडे कोणाला काही सांगता आले नसते. देशभर वाहनातून ठरावीक मार्गांवर केलेल्या मोजण्यांनी पुढे चित्र स्पष्ट केले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची मिळून जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटली. कोणत्याही पक्ष्याची एवढ्या वेगाने झालेली घसरण क्वचितच नोंदली गेली आहे.

कारण मात्र सापडत नव्हते. एखादा अनोळखी विषाणू असावा, असा संशोधकांचा प्रथम समज होता. कीटकनाशके, अन्नाची टंचाई, वृक्षतोड अशीही कारणे पुढे आली आणि एकेक करून बाद झाली. उकल झाली ती पाकिस्तानच्या पंजाबात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे २५९ मृत गिधाडांची तपासणी केली. त्यातील ८५ टक्के गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर साचले होते. मूत्रपिंडे निकामी झाल्याचे ते लक्षण होते. मूत्रपिंडे बिघडविणारे आणि जनावरांच्या शरीरातून गिधाडांपर्यंत पोहोचणारे असे काय असू शकते, याचा माग काढताना संशोधक जनावरांच्या औषधांपर्यंत आले. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत आढळले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. २००४ साली ‘नेचर’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

डायक्लोफिनॅक हे काही नवे औषध नव्हते. माणसांसाठी ते आधीपासून वापरात होते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात पेटंटची मुदत संपली, देशी कंपन्यांनी ते स्वस्तात बनवायला सुरुवात केली आणि लंगडणाऱ्या बैलापासून कास सुजलेल्या म्हशीपर्यंत सर्वांना ते टोचले जाऊ लागले. जनावराला त्यातून आराम पडे, शेतकऱ्याला ते परवडे. जनावर वाचले तर प्रश्नच नव्हता. परंतु औषध दिल्यानंतर लगेचच ते मेले, तर त्याचे मांस गिधाडांसाठी विष ठरत असे. एवढ्याशा औषधाने एवढा संहार कसा झाला, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर गणिताने दिले. एका मृतदेहावर शेकडो गिधाडे एकाच वेळी जेवतात. दर १३० ते ७६० मृतदेहांमागे केवळ एक विषारी असला तरी झालेली घसरण घडून येण्यास तो पुरेसा आहे, असे रीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. प्रत्यक्षात भारतात २००४-०५ मध्ये तपासलेल्या मृत जनावरांपैकी सुमारे दहा टक्क्यांमध्ये हे औषध आढळले. त्यातच गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. अशा पक्ष्याला हे नुकसान भरून काढणे अशक्य होते.

गिधाडे गेली, पण मेलेली जनावरे पडतच राहिली. त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली गेली. अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी २००८ साली केलेल्या हिशेबानुसार १९९२ ते २००६ या काळात कुत्र्यांची संख्या किमान ५५ लाखांनी वाढली, त्यातून श्वानदंशाच्या ३ कोटी ८५ लाख अधिक घटना घडल्या आणि रेबीजने ४७ हजारांहून अधिक माणसे दगावली असावीत. फ्रँक आणि सुदर्शन यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. गिधाडांच्या अधिवासाला अनुकूल असलेले जिल्हे आणि मुळातच गिधाडे कमी असलेले जिल्हे यांची त्यांनी तुलना केली. औषध स्वस्त होण्याआधी दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदर जवळपास सारख्या वाटेने जात होते. त्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. जेथे जनावरे पुष्कळ आणि वस्ती दाट, अशा शहरी भागांत हा परिणाम सर्वांत तीव्र होता. रेबीजच्या लशीची विक्री वाढली. नद्यांच्या पाण्याच्या नोंदींतही विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण वाढलेले दिसले. सांगाडे नदीनाल्यांत किंवा त्यांच्या काठी टाकले गेले की ते सडून त्यातील जंतू पाण्यात उतरतात. आकाशातील एका पक्ष्याचे आणि गावच्या पाणवठ्याचे नाते इतके थेट आहे.

पाच लाख हा आकडा मृत्यूंच्या दाखल्यांची बेरीज करून आलेला नाही. तो संख्याशास्त्रीय अंदाज आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण तो निम्मा धरला तरी प्रश्नाचे गांभीर्य तसूभरही कमी होत नाही.

या पार्श्वभूमीवर सरकारी निर्णयांचा वेग तपासला पाहिजे. डायक्लोफिनॅकचा दोष २००४ मध्ये सिद्ध झाला. जनावरांसाठी ते बनविण्यावर भारताने २००६ मध्ये बंदी घातली, हे निश्चितच तत्परतेचे लक्षण होते. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी हे पाऊल उचलले. मात्र माणसांसाठीचे हेच औषध ३० मिलिलिटरच्या बाटल्यांत विकले जात राहिले. माणसाला एका वेळी लागते ३ मिलिलिटर, मग एवढी मोठी बाटली कोणासाठी? उत्तर सर्वांना ठाऊक होते. तरीही बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणण्यास २०१५ साल उजाडले. दरम्यान नवी औषधे बाजारात स्थिरावली. केटोप्रोफेन गिधाडांना मारते, हे २०१० पर्यंत प्रयोगांनी दाखविले होते. असेक्लोफिनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते, हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. या दोन्ही औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली ती २०२३ च्या जुलैअखेरीस. निमेसुलाइडविषयीचे पुरावे २०१६ पासून साचत होते. त्यावरील बंदीची अधिसूचना डिसेंबर २०२४ च्या अखेरीस निघाली.

म्हणजे प्रत्येक वेळी क्रम तोच राहिला. आधी औषध बाजारात येते, मग गिधाडे मरतात, मग संशोधक स्वतःच्या निधीची जुळवाजुळव करून पुरावे गोळा करतात, मग निवेदने आणि बैठका होतात आणि शेवटी बंदी येते. पुरावा आणि बंदी यांच्यात सात ते तेरा वर्षे जातात. गिधाडांना घातक ठरलेले औषध पशुवैद्यकीय वापरातून आपोआप बाद करणारी व्यवस्था असावी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२०-२५ च्या कृती आराखड्यातच म्हटले होते. निमेसुलाइडला त्यानंतरही चार वर्षे मिळाली. सिद्धतेचा भार कोणावर, हा या प्रकरणातील मूलभूत प्रश्न आहे. जनावरांच्या औषधाची चाचणी जनावरावर होते. दूध आणि मांस यांतून माणसावर होणारा परिणामही पाहिला जातो. मेलेले जनावर खाणाऱ्या पक्ष्याचे काय, हा प्रश्न परवाना देताना विचारलाच जात नाही. जे औषध सुरक्षित असल्याचे उत्पादकाने दाखवायला हवे, ते घातक असल्याचे पक्षीतज्ज्ञांनी दाखवावे, अशी उलटी रीत पडली आहे.

यावर शेतकऱ्याची बाजू पुढे केली जाते आणि ती डावलण्याजोगी नाही. दुखण्याने तळमळणारे जनावर तसेच सोडून द्यावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु पर्याय उपलब्ध आहेत. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच सिद्ध झाले आणि पुढे टोल्फेनॅमिक आम्लाचीही त्यात भर पडली. पेटंटचा अडथळा नसलेले मेलॉक्सिकॅम अनेक कंपन्या बनवितात. गरज आहे ती ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हमखास आणि स्वस्तात मिळण्याची, तसेच माणसांचे डायक्लोफिनॅक जनावरांसाठी विकणाऱ्या दुकानदारांवर खरोखर कारवाई होण्याची. बंदीचा कागद आणि औषधाचे दुकान यांतील अंतर कमी झाल्याशिवाय बंदीला अर्थ नाही.

संवर्धनाचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याच्या वनखात्याने उभारलेल्या केंद्रात गिधाडांची बंदिस्त पैदास यशस्वी झाली. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्याच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव, नाशिकचा डोंगराळ भाग आणि गडचिरोली येथे वनखाते, संस्था आणि ग्रामस्थांनी गिधाडांसाठी औषधमुक्त मृत जनावरे पुरविण्याची ‘उपाहारगृहे’ चालविली. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची गिधाडे ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. मात्र २०१५ च्या पाहणीनुसार देशात पांढऱ्या पाठीची सुमारे ६ हजार, लांब चोचीची १२ हजार आणि निमुळत्या चोचीची जेमतेम हजारभर गिधाडे उरली होती. एकेकाळी कोट्यवधींच्या संख्येने असलेल्या पक्ष्याचा हा अवशेष होय. पिंजऱ्यात वाढविलेले गिधाड मोकळे सोडल्यावर ते दिवसात शेकडो किलोमीटर फिरू शकते. अभयारण्याची हद्द त्याला ठाऊक नसते. त्याच्या वाटेवरील एका गोठ्यात एक चुकीचे इंजेक्शन दिले गेले, तरी वर्षांची मेहनत वाया जाते.

हा धोका भारतापुरता नाही. सारा इतिहास समोर असताना स्पेनने २०१३ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवानगी दिली आणि २०२० मध्ये तेथे काळ्या गिधाडाचे एक पिल्लू याच औषधाने मेल्याचे आढळले. मात्र भारताने याची सर्वांत मोठी किंमत मोजली आहे. म्हणूनच नियम बदलण्याचे पहिले पाऊलही भारतानेच टाकावयास हवे. जनावरांच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांच्या दृष्टीने चाचणी परवान्यापूर्वीच सक्तीची करणे आणि तिचा खर्च उत्पादकाकडून घेणे हे फार अवघड नाही. अशा चाचण्यांचा अनुभव बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेकडे आहे. त्याचबरोबर भरतपूरसारख्या दीर्घकालीन मोजण्यांना नियमित निधी मिळाला पाहिजे. कारण ऱ्हासाची चाहूल लागते ती अशा रुक्ष वाटणाऱ्या आकड्यांच्या वह्यांतूनच. वर्षाला ६९.४ अब्ज डॉलरच्या हानीपुढे हा खर्च अगदीच किरकोळ आहे. चार औषधांवर बंदी घालण्यास अठरा वर्षे लागली. पाचव्या औषधाच्या वेळी आधी चाचणी होणार की पुन्हा गिधाडांच्या मृतदेहांची वाट पाहिली जाणार, याचा निर्णय आरोग्य, पशुसंवर्धन आणि पर्यावरण या तिन्ही खात्यांनी मिळून आताच घ्यावयास हवा.