ओटीतला नारळ आणि ठेकेदाराचा नारळ



आपल्याकडे सातव्या महिन्यात बाईची ओटी भरतात. डोहाळजेवण होते, नारळ, तांदूळ आणि खण पदरात पडतो. बाराव्या दिवशी बारसे, पाळणा, घुगऱ्या. नवे बाळ येणार म्हटले की गरिबातल्या गरिबाचे घर उजळते. आम्ही जबलपूरच्या रेल्वे कॉलनीत हयात घालवली. इथे मराठी घरातले बारसे असो की शेजारच्या हिंदी घरातली छठी, पेढे युनियन ऑफिसात पोचतातच.

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात ऑफिसात दोन बातम्या आल्या. पहिली पेढ्यांची. आमच्या एका सभासदाला मुलगी झाली. नवरा-बायको दोघेही कायम नोकरीत. बायकोला १८० दिवसांची भरपगारी रजा, नवऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा. पुढे मूल वाढवताना तिला ७३० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. आम्ही पेढे खाल्ले, आनंद झाला.

दुसरी बातमी घेऊन आली ती यार्डात डबे धुणारी ठेका कामगार बाई. पहिली मुलगी चार वर्षांची, आता सातवा महिना. ठेकेदाराच्या सुपरवायझरने तिचा गेट पास काढून घेतला होता. म्हणाला, आता घरी बैस, मूल झाले की ये, जागा असली तर बघू. तिने आम्हाला एवढेच विचारले, "भैया, नाव कापलं म्हणजे परत घेतील का?" सातव्या महिन्यात एकीच्या ओटीत नारळ पडला आणि दुसरीला ठेकेदाराने नारळ दिला!

आम्ही साहेबांकडे गेलो. उत्तर मिळाले, ती आमची कामगार नाही. डबे रेल्वेचे, पाणी रेल्वेचे, घाण रेल्वेच्या प्रवाशांची. फक्त ते धुणारी बाई तेवढी रेल्वेची नाही! आमचा सवाल सरळ आहे. बाळाच्या स्वागतात कायम आणि ठेका असा भेद कोणत्या न्यायाने?

साथींनो, कायम कामगाराला जे मिळते ते कोणी दान दिलेले नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ च्या जुलैत प्रसूतीलाभाचे बिल चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला भक्कम पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ ला मुंबईत कायदा झाला. १९३० ला आमच्या मध्य प्रांतातही झाला, ज्यात हे जबलपूर होते. खाणीतल्या बायांसाठी १९४१ ला, साऱ्या देशासाठी १९६१ ला. पितृत्व रजा १९९७ ला पाचव्या वेतन आयोगाच्या वेळी आली, १८० दिवसांची रजा २००८ ला सहाव्या आयोगाच्या वेळी. २०१७ च्या दुरुस्तीने खाजगी नोकरीतही पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांचे २६ झाले. हेच कलम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

म्हणजे कायदा आहे. प्रसूतीच्या आधीच्या वर्षात ८० दिवस काम केलेल्या बाईचा तो हक्क आहे. गरोदरपणात कामावरून काढले तरी तिचा लाभ बुडवता येत नाही. रोजंदारीवरच्या बायांनाही तो मिळालाच पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील बायांच्या खटल्यात सांगितले. कराराची मुदत संपली म्हणून लाभ थांबत नाही, हे २०२३ ला सांगितले. मग अडते कुठे? अडते ते मस्टरवर. नावच कापले तर ८० दिवस दाखवायचे कशाने? पगारातून ई. एस. आय. कापले, पण भरले की नाही हे बाईला कोण सांगणार? पन्नास कामगार असले की पाळणाघर हवे. पण एकेका ठेकेदाराची माणसे वेगळी मोजली की पन्नासाचा आकडा कधी भरतच नाही!

काही शहाणे सांगतात, रजा वाढवली तर मालक बायांना कामच देणार नाहीत. ही धमकी आहे, युक्तिवाद नव्हे. एकट्या मालकावर भार नको असेल तर सामाईक निधीतून द्या. ई. एस. आय. चा कायदा १९४८ पासून तेच करतो. सरकारने आपला वाटा उचलावा. पण सरकारचा वाटा किती? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६,००० रुपये लिहिले. २०१७ ला मातृवंदना योजना आली, ती पहिल्या बाळाला ५,००० देऊ लागली. २०२२ पासून दुसऱ्या बाळाला ६,००० आहेत, पण ती मुलगी असेल तरच. ५,००० ला १८० दिवसांनी भागा. दिवसाला २८ रुपयेही पडत नाहीत. ही वंदना की थट्टा?

दुसरे शहाणे विचारतात, गरिबांनी इतकी मुले का काढावीत? रेल्वेतल्या कायम बाईलाही दोन मुले हयात असली तर तिसऱ्याला प्रसूती रजा नाही. खाजगी कारखान्यातल्या बाईला मात्र तिसऱ्या बाळासाठी १२ आठवडे मिळतात. सरकार मालकाला जे बंधन घालते, ते स्वतः पाळत नाही! तामिळनाडूतल्या एका शिक्षिकेला याच कारणाने रजा नाकारली. तिच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये प्रसूती रजा हा बाईच्या हक्कांचा भाग मानला. कुटुंब किती वाढवायचे हे घराने ठरवावे. पण जन्माला आलेल्या बाळाला आईचे दूध नाकारून लोकसंख्या कमी होत नसते.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. साहेबांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ती बाई ऑफिसातून गेल्यावर आम्ही रजिस्टर काढले. डबे धुणाऱ्या एकाही बाईचे नाव आमच्या सभासदांत नव्हते. वर्षानुवर्षे त्या आमच्या समोरून झाडू घेऊन गेल्या आणि आम्ही कधी विचारले नाही. "ती आमची नाही" हे साहेब तोंडाने म्हणाले, आम्ही वागण्याने म्हणत होतो. ठेकेदाराची हिंमत तिथूनच वाढते.

म्हणून प्रत्येक शाखेला आमचे सांगणे आहे. ठेका कामगार बायांना सभासद करून घ्या, वर्गणी नाममात्र ठेवा. गरोदर बाईचे नाव मस्टरवरून कापायचे नाही, ही अट टेंडरातच घालायला लावा. ई. एस. आय. भरल्याची पावती दाखवल्याशिवाय ठेकेदाराचे बिल पास होऊ देऊ नका. साऱ्या ठेकेदारांची माणसे एकत्र मोजून यार्डाजवळ पाळणाघर मागा. आणि प्रत्येक गरोदर बाईच्या हजेरीची नक्कल युनियन ऑफिसात ठेवा, म्हणजे ८० दिवस कोणी खाऊ शकणार नाही.

त्या बाईचे काय झाले? आठ दिवस आम्ही गेटवर उभे राहिलो, इतर बायाही आल्या. नाव मस्टरवर परत चढले. फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. ई. एस. आय. च्या हप्त्यांचा हिशेब अजून लागलेला नाही. तो लागेपर्यंत आम्ही सोडणार नाही. बारशाला तिने आम्हाला बोलावले होते. पेढे नव्हते, गूळ होता. त्या दिवशी ११ बायांनी युनियनचे फॉर्म भरले. बाळाला आमच्याकडून याहून चांगला बाळंतविडा दुसरा कोणता देता आला असता?

कामगार एकजुटीचा विजय असो!