नवें कन्सोल केव्हां येणार?

गृहस्थाच्या घरांत खर्चाचे प्रश्न दोन प्रकारचे असतात. वस्तु घ्यावी कीं न घ्यावी, हा एक. आणि आज घ्यावी कीं कांहीं दिवस थांबावें, हा दुसरा. पहिला प्रश्न वडील मंडळी आपल्या अधिकारांत सोडवूं शकतात. दुसऱ्यास मात्र भविष्याचें ज्ञान लागतें, व तें कोणापाशींच नसल्यामुळें घरांतील धाकटा मुलगाहि तेथें आजोबांशीं बरोबरीनें वाद घालूं शकतो. व्हिडिओ गेमच्या कन्सोलविषयीं हल्लीं पुष्कळ घरीं असाच वाद चाललेला दिसतो. प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सीरीज एक्स हीं यंत्रें नोव्हेंबर २०२० मध्यें अमेरिकेच्या बाजारांत आलीं. आतां नवी पिढी दाराशीं उभी असतां जुन्यावर अर्धा लाख रुपये कां घालावे, असें एक पक्ष म्हणतो. नव्याची वाट पाहतां पाहतां सुट्या निघून जातील, असें दुसरा म्हणतो. या वादांत पडण्यापूर्वीं नव्या यंत्राचा काळ कशावरून ठरतो, हें पाहणें इष्ट होय.

गणिताची आवड असलेले लोक सात वर्षांचा दाखला देतात. अमेरिकेंत प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ त आलें, चौथें नोव्हेंबर २०१३ त आणि पांचवें नोव्हेंबर २०२० त. तेव्हां सहावें नोव्हेंबर २०२७ त आलेंच पाहिजे, असा हा हिशेब. दिसावयास तो सुरेख आहे. परंतु इतिहासाचीं आणखी चार पानें उलटलीं कीं तो डळमळूं लागतो. जपानांत पहिलें प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्यें व दुसरें मार्च २००० मध्यें आलें. हें अंतर सव्वापांच वर्षांचें. पहिल्या व दुसऱ्या एक्सबॉक्समध्यें चारच वर्षें गेलीं, तर दुसऱ्या व तिसऱ्यामध्यें आठ. निन्टेन्डो कंपनीनें वी यू हें यंत्र नोव्हेंबर २०१२ मध्यें काढलें आणि सव्वाचार वर्षांनीं स्विच आणलें. स्विचनंतरचें स्विच २ मात्र सव्वाआठ वर्षांनीं, जून २०२५ मध्यें आलें. ग्रहणें पंचांगांतून काढतां येतात; कारखानदारांचे निश्चय तसे काढतां येत नाहींत.

या अंतरांचें कारण शोधूं गेल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. वी यू जगभरांत सुमारें १ कोटी ३५ लाखच खपलें, म्हणून त्याचा वारस लवकर आणावा लागला. स्विच १५ कोटींहून अधिक खपलें, म्हणून त्याच्या वारसाची घाई नव्हती. ज्याचें दुकान भरभराटींत आहे, तो तें मोडून नवें मांडण्याची उतावीळ करीत नाहीं.

उतावीळ केल्यास काय होतें, याचेंहि उदाहरण आहे. सेगा कंपनीचें सॅटर्न हें यंत्र अमेरिकेंत २ सप्टेंबर १९९५ रोजीं यावयाचें होतें. प्रतिस्पर्ध्यास मागें टाकावें म्हणून कंपनीनें तें ११ मे रोजींच ३९९ डॉलरांस अचानक विक्रीस काढलें. निवडक दुकानांसच माल मिळाल्यामुळें बाकीचे दुकानदार रागावले, आणि खेळहि मोजकेच तयार होते. त्याच दिवशीं सोनी कंपनीनें आपली किंमत २९९ डॉलर जाहीर केली! पुढें २००१ मध्यें सेगानें कन्सोल करणेंच सोडलें. एक्सबॉक्स ३६० हें प्लेस्टेशन ३ च्या वर्षभर आधीं आलें खरें. परंतु तीं यंत्रें इतक्या संख्येनें बिघडूं लागलीं कीं जुलै २००७ मध्यें मायक्रोसॉफ्टला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली व त्यापायीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढावी लागली.

आजच्या घटकेस विलंबाकडे ओढणारीं कारणें अधिक बलवान आहेत, असें आम्हांस वाटतें. पूर्वीं यंत्र जुनें होई तसतसें स्वस्त होई. २००० सालीं अमेरिकेंत २९९ डॉलरांस आलेलें प्लेस्टेशन २ हें २००९ सालीं ९९ डॉलरांस मिळूं लागलें. कारण यंत्रांतील चिपा लहान होत व स्वस्तहि होत. ती रीत आतां उलटली आहे. ४९९ डॉलरांचें प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्यें ५४९ डॉलरांवर गेलें. आपल्याकडेहि ४९,९९० रुपयांचें यंत्र २०२२ मध्येंच ५४,९९० रुपये झालें होतें. त्यांत २०२५ च्या अखेरीपासून स्मृतिचिपांचे, म्हणजे मेमरीचे, भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांची मागणी हें त्याचें मुख्य कारण. अशा वेळीं नवें यंत्र काढणारास तें फार महाग विकावें लागेल, किंवा थांबावें लागेल.

खेळांची गतिहि मंदावली आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा खेळ बालकांच्या हातीं देण्याजोगा नव्हे, परंतु उदाहरणास योग्य आहे. तो २०१३ सालीं प्लेस्टेशन ३ वर आला, २०१४ त चौथ्यावर आणि २०२२ त पांचव्यावर. एकाच खेळानें तीन पिढ्या पाहिल्या. पुढच्या भागासाठीं नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ ही होती. दाखविण्यास नवे खेळ नसतील, तर नवें यंत्र कोणासाठीं?

कंपन्या स्वस्थ बसल्या आहेत, असें मात्र नाहीं. जून २०२५ मध्यें मायक्रोसॉफ्टनें पुढील एक्सबॉक्ससाठीं एएमडी कंपनीशीं केलेला अनेक वर्षांचा करार जाहीर केला. ऑक्टोबर २०२५ मध्यें सोनीचे मार्क सर्नी यांनीं भावी कन्सोलसाठीं चाललेल्या कामाची माहिती दिली. पण तें तंत्र अद्यापि संगणकावरील प्रतिकृतींतच असून यंत्रांत यावयास कांहीं वर्षें लागतील, असेंहि त्यांनीं सांगितलें. यावरून आमचा कल २०२७ पेक्षां २०२८ कडे झुकतो. हा अर्थात् तर्क आहे. त्यावर कोणी पैज लावूं नये.

मग गृहस्थानें काय करावें? नवें यंत्र आलें तरी पहिल्या वर्षीं त्याचा विशेष लाभ होत नाहीं. प्लेस्टेशन ५ अमेरिकेनंतर अडीच-तीन महिन्यांनीं, २ फेब्रुवारी २०२१ रोजीं भारतांत आलें; आणि त्यानंतरहि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’ हा २०२२ चा गाजलेला खेळ प्लेस्टेशन ४ वरहि निघाला. घरीं आधींचें यंत्र नीट चालत असेल, तर तेंच चालूं द्यावें. त्यांत मुलांचें कांहीं अडत नाहीं. घरीं कांहींच नसेल व खर्च झेपत असेल, तर भाव उतरतील या आशेवर थांबूं नये. तबकडी चालणारें यंत्र घ्यावें, म्हणजे एक खेळ चुलत-मावस भावंडांत फिरूं शकतो. आणि खर्च झेपत नसेल, तर मुलांस तसें स्पष्ट सांगावें. ‘नवें येऊं दे, मग पाहूं’ या सबबीवर अकरा वर्षांच्या मुलास तीन वर्षें ताटकळत ठेवूं नये. कंपनीची तारीख पुढें ढकलतां येते. त्याचें अकरावें वर्ष तसें ढकलतां येत नाहीं.