आधी ठरवा, बादली कोण उचलणार?

वार्षिकांकात संडासावर लेख आलेला पाहून काहीजण नाक मुरडतील. कवितांची पाने संपली आणि हे काय सुरू झाले, असे एखाद्या प्राध्यापकांनाही वाटेल. पण सहलीच्या वर्णनांनी आपल्याकडचे वार्षिकांक वर्षानुवर्षे भरत आले आहेत. त्या वर्णनांत सूर्योदय असतो, शेकोटी असते, चुलीवरच्या पिठल्याची चव असते. सकाळी उठल्यावर ती चाळीस-पन्नास माणसे कोठे गेली, हे मात्र कोणत्याही लेखात सापडत नाही. सगळी मंडळी जणू थेट देवलोकातून उतरलेली!

निमित्त असे झाले की यंदा आमच्या निसर्ग मंडळाच्या हाती जीपमागे जोडायचा एक लहानसा दोनचाकी ट्रेलर आला आहे. त्यात तंबू, भांडी आणि शिधा मावतो. जेथे शाळा नाही, धर्मशाळा नाही अशा जागी हिवाळ्यात दोन दिवस मुक्काम करावा, असा बेत आहे. त्यासाठी नेता-आणता येण्याजोगा संडास हवा, यावर बैठकीत लगेच एकमत झाले. कोणता घ्यावा, यावर मात्र तासभर वाद झाला आणि निर्णय पुढे ढकलला गेला. तेथे जे बोलायला मिळाले नाही ते येथे लिहीत आहे.

मुलांना एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती त्यांना कोणी सांगत नाही. सहल ठरली की आमच्यापैकी कितीतरी जणी आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पितात. वसईच्या किल्ल्यात उन्हातान्हात हिंडताना बाटली जवळ असते, पण ओठ ओले करण्यापुरतीच. मुलांना एखादी पडकी भिंत पुरते; आम्हांला पुरत नाही. पाळीची तारीख जवळ आली असेल, तर 'घरी कार्यक्रम आहे' असे सांगून नाव मागे घेतले जाते आणि अहवालात 'विद्यार्थिनींचा अल्प प्रतिसाद' अशी नोंद होते. तेव्हा ट्रेलरमध्ये संडास ठेवणे ही चैन आहे, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात मला रस नाही. प्रश्न निवडीचाच आहे.

बैठकीत सर्वांना आवडला तो पेटीचा संडास. दिसायला सुबक, सूटकेसएवढा. वरच्या भागात स्वच्छ पाण्याची टाकी व बैठक, खालच्या भागात मैल्याची टाकी, मध्ये सरकवण्याचे झाकण. खालच्या टाकीत निळे औषध घालायचे; त्याने वास दबतो. परदेशात मोटारीमागे छोटे घर ओढत सहलीला जाणारी कुटुंबे हाच वापरतात. पण ही पेटी कागद वापरणाऱ्यांसाठी घडवलेली आहे, आणि आपण पाणी वापरणारे. खालची टाकी मोठ्यात मोठी म्हणजे साधारण वीस लिटरची. आपले टमरेलभर पाणी आणि पेटीचे स्वतःचे पाणी धरले, तर एका खेपेला दीड-दोन लिटर सहज जातात. म्हणजे दहा-बारा खेपांत टाकी तुडुंब! पंधरा मुलींचा गट असेल, तर पहिल्याच सकाळी चहा होण्यापूर्वी ती भरणार. मग वीस-बावीस किलोची ती टाकी दोघांनी उचलून न्यायची. पण न्यायची कोठे?

युरोपात तळ देण्याच्या जागांवर अशा टाक्या रिकाम्या करण्यासाठी खास जागा बांधलेल्या असतात. ती पेटी त्या व्यवस्थेचा एक तुकडा आहे. आपण तुकडाच विकत आणणार. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे, पण एखाद्या वाडीच्या कडेला तंबू ठोकणाऱ्या आपल्यासारख्यांपुढे असतो तो कोणाचा तरी शेजारचा संडास किंवा अंधारातला नाला. निळ्या औषधाचेही पाहा. जुन्या प्रकारच्या औषधांत फॉर्मल्डिहाइड असते. ते जंतूंना मारते, आणि सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवण्याचे काम जंतूच करतात. म्हणजे ज्या घराने उपकार म्हणून आपला संडास वापरू दिला, त्याच्याच टाकीचे काम आपण बिघडवून येणार. आता जैविक औषधे मिळतात, ती बरी. तरी दहा खेपांचा हिशेब काही बदलत नाही. दोन-तीन माणसांचे कुटुंब असेल, बरोबर गुडघे दुखणारी आजी असेल, तर मी स्वतः हीच पेटी सुचवीन. महाविद्यालयाच्या गटासाठी ती नव्हे.

दुसरी सूचना पिशवीची आली. बादलीत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात ओलावा गोठवणारी पूड, काम झाले की गाठ मारून कचऱ्यात. सुटसुटीत आहे यात शंका नाही. ती पिशवी पालिकेच्या गाडीत पडली की गोखिवऱ्याच्या कचराभूमीकडे जाणार. कचऱ्यातून प्लास्टिक वेचून पोट भरणारी माणसे असतात, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी ती गाठ हाताने सोडणार. आपल्या नजरेआड झाले म्हणजे संपले, असे मानायचे असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरी सूचना अगदी जुनी: खड्डा खणा, वापरा, बुजवा. डोंगरउतारावर, पाण्यापासून लांब, दोघा-तिघांसाठी हे चालते. पण आपला मुक्काम बहुधा वसईच्या पश्चिम पट्ट्यात असणार. तेथील जमीन रेताड, पाणी थोड्याच खोलीवर, आणि वाड्यांतून बावखले. बाहेरगावच्या मित्रांसाठी सांगते : बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात मुरते, शेजारच्या विहिरी त्यावर तग धरतात, केळी आणि फुले त्यावर पिकतात. अशा जमिनीत पंधरा माणसांचा खड्डा खणणे म्हणजे यजमानाच्या विहिरीतच खड्डा खणणे होय. पूर्वेला तुंगारेश्वर आहे. पण ते अभयारण्य आहे आणि तेथे खणाखणी करणे हा आपल्या मर्जीचा प्रश्न नाही.

या सगळ्या चर्चेत एक वाक्य असे आले की ते ऐकून मी गप्प झाले. कोणीतरी सहज म्हणाले, "रिकामे करायचे ना, शिपाईमामा बरोबर आहेतच." म्हणणारा दुष्ट नव्हता. कोणी हसले नाही, कोणी हरकतही घेतली नाही, पुढचा मुद्दा सुरू झाला. मला वाटते, आपली खरी निवड त्या क्षणी झाली होती. पेटी की पिशवी, हा नंतरचा तपशील.

नेता-आणता येणारा संडास आपल्या देशात नवा नाही. इंग्रज साहेब जिल्ह्यात दौऱ्यावर निघे तेव्हा तंबूंबरोबर त्याची कमोडची पेटीही निघे आणि पेटीबरोबर मेहतर निघे. पेटी सोयीची वाटे, कारण ती उचलणारा माणूस सोयीत धरलेलाच असे. आपल्या शहरांतले पाटीचे संडास याच हिशेबाने बांधलेले होते. मागच्या बाजूला एक लहान दार. तेथून माणूस येई आणि डोक्यावरून मैला घेऊन जाई. पुढच्या दाराने जाणाऱ्याने त्याचे तोंड पाहिले नाही तरी चाले. या कामाला बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, आणखी कडक कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानंतर, एप्रिल २०२४ मध्ये, आपल्याच विरारच्या पश्चिमेला एका मोठ्या वसाहतीच्या सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. वर्तमानपत्रांत बातमी आली. आपण ती लोकलमध्ये वाचली असेल.

शिकलेल्या माणसांनी हे काम आपले नव्हे असे म्हणणे, हेही जुनेच. १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींनी संडासांची घाण स्वयंसेवकांना दाखवली, तेव्हा ते काम आमचे नव्हे, भंग्याचे आहे, असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागितला आणि निदान स्वतःपुरता संडास साफ केला. बाकीचे तसेच राहिले, हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलेले नाही. पुढे कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले. तुरुंगाने ते नाकारले, कारण ते काम ठराविक जातींचे. या प्रश्नावर १९३२ च्या डिसेंबरात गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. काम मिळावे म्हणून लढे झालेले आपण वाचतो. हे काम मिळावे म्हणून झालेला लढा आपल्या पाठ्यपुस्तकांत मला तरी भेटला नाही. अप्पांनी नंतर कणकवलीजवळ गोपुरीला आश्रम काढला आणि मैल्यावर माती-पाला टाकून त्याचे खत करणारा संडास लोकांना दाखवला. 'गोपुरी संडास' हे नाव कोकणातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या अजून तोंडी आहे.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण हवे असेल, तर वारी पाहा. पालख्या सुमारे तीन आठवडे चालतात, रोज मुक्काम बदलतो, माणसे लाखांनी. २०१५ पासून 'निर्मल वारी' या नावाने मुक्कामाच्या गावी हलते संडास उभे राहू लागले. मैला ओढून घेणाऱ्या टाकीच्या गाड्या त्यांच्याबरोबर फिरतात, आणि कॉलेजांचे स्वयंसेवक वारकऱ्यांना तिकडे वळवतात. तेथे डबा आणि गाडी यांचा विचार एकत्र झाला, म्हणून ते चालले. नुसते डबे नेऊन ठेवले असते, तर दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा शेतात गेले असते.

आपल्याजवळ गाडी नाही, दोन चाकांचा ट्रेलर आहे. म्हणून माझे मत कोरड्या बादलीला आहे. ही मुळी विकत घ्यायची वस्तूच नव्हे. घट्ट झाकणाच्या बादल्या आणि सुताराकडून करून घेतलेली बैठक, बस्स. मोठ्या माणसाची लघवी दिवसाला लिटर-सव्वा लिटर होते, मैला पाव किलोच्या आसपास. वजन, ओल आणि वास यांचे मूळ म्हणजे या दोन्ही गोष्टी एकत्र करणे. त्या वेगळ्या ठेवल्या, तर पंधरा मुलींचा दोन दिवसांचा मैला सात-आठ किलोच भरतो आणि वरचे तूस धरून दोन-तीन बादल्यांत राहतो. लघवीसाठी वेगळा कॅन. ती आठ-दहा पट पाण्यात मिसळून, विहिरीपासून लांब, वाडीवाल्याला विचारून केळीच्या बुंध्याशी घालता येते. धुण्यासाठी थोडे बाजूला सरकून बसायचे आणि ते पाणी तिसऱ्या भांड्यात घ्यायचे. तमिळनाडूत मुसिरी येथे सार्वजनिक संडासांतही अशी वेगळी जागा केलेली आहे, तेव्हा 'आपल्या लोकांना जमणार नाही' हे ऐकून घेण्याची गरज नाही. हे तिसरे पाणी परत आल्यावर कॉलेजच्याच संडासात ओतायचे; कोणाच्या वाडीत नव्हे.

प्रत्येक वेळी वर ओंजळभर तूस किंवा राख टाकायची. भाताच्या प्रदेशात राहून तुसाची चिंता करणे शोभत नाही. भातगिरणीवर पोत्यांनी मिळते. पॅडसाठी कागद आणि झाकणाचा निराळा डबा हवाच, आणि तो मागावा लागू नये. बादल्या ट्रेलरच्या आत ठेवायच्या नाहीत. तेथे तांदूळ आहेत. बाजूला उंच पाल ठोकावे, आत एक कंदील आणि हात धुण्याचे पाणी असावे. परतल्यावर बादल्या कॉलेजच्या मागच्या बाजूला जमिनीच्या वर बांधलेल्या झाकणाच्या हौदात रिकाम्या करायच्या, पालापाचोळा टाकायचा आणि वर्षभर हात लावायचा नाही. नंतर ते खत झाडांना घालावे, भाजीला घालू नये.

वास येईल, असा आक्षेप आहे. कोरडे राहिले तर फार येत नाही. ओले झाले तर येईल आणि मग आणखी तूस घालावे लागेल. प्राध्यापकांना हे शोभेल का, असाही एक आक्षेप कानावर आला आहे. त्याचे उत्तर मी देत नाही. आमचे प्राध्यापक आमच्याहून हुशार आहेत.

बादल्या उचलण्याची पाळी मुलगे, मुली आणि प्राध्यापक यांनी वाटून घ्यावी, आणि त्या यादीत शिपाईमामांचे नाव नसावे, एवढी एक अट मंडळाने बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावी अशी माझी मागणी आहे. यादीचा कागद मी ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे. सकाळच्या पाळीला चार नावे आली आहेत, संध्याकाळच्या पाळीला अजून एकही नाही. तूस आणायला एक टेम्पोही हवा आहे.