हजारो डोळ्यांचे खगोलशास्त्र

ऑक्सफर्डच्या केव्हिन शाविन्स्की आणि ख्रिस लिन्टॉट यांनी जुलै २००७ मध्ये सहकाऱ्यांसह ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प सुरू केला. स्लोन आकाश सर्वेक्षणाने टिपलेल्या सुमारे ९ लाख दीर्घिकांपैकी सर्पिल कोणत्या आणि लंबवर्तुळाकार कोणत्या, हे ठरवायचे होते. शाविन्स्की यांनी एकट्याने ५० हजार दीर्घिका तपासल्या होत्या; पण उरलेला ढीग एका माणसाने उपसण्यासारखा नव्हता, आणि आकार ओळखण्यात तेव्हाचे संगणक माणसाच्या नजरेपुढे तोकडे पडत. म्हणून हे काम लोकांपुढे ठेवले गेले. पहिल्याच वर्षात सुमारे दीड लाख स्वयंसेवकांनी ५ कोटींहून अधिक नोंदी केल्या.

या विषयाचे शिक्षण न घेतलेल्यांच्या नोंदी भरवशाच्या कशा, ही शंका रास्तच होती. त्यासाठी एकच छायाचित्र अनेकांना दाखवले जाई आणि बहुमत पाहिले जाई. मते विभागली, तर आकारच संदिग्ध आहे हेही कळे. तरी एक कोडे उभे राहिले. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळणाऱ्या सर्पिल दीर्घिका नोंदींत जास्त भरल्या. ते खरे असते, तर विश्वालाच एक कल आहे असे मानावे लागले असते. संशोधकांनी काही छायाचित्रे आरशातल्याप्रमाणे उलटवून पुन्हा दाखवली. तरीही तीच दिशा पुढे राहिली. कल दीर्घिकांत नव्हता, पाहणाऱ्यांत होता. चूक सापडली, मोजता आली आणि हिशेबातून वजाही करता आली. या पद्धतीचे खरे बळ इथेच दिसते.

न विचारलेले टिपणे हे स्वयंसेवकांचे त्याहून मोठे देणे. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला त्याच वर्षी एका दीर्घिकेशेजारी विचित्र चकाकणारा डाग दिसला आणि तो काय आहे, असे तिने विचारले. तो प्रचंड वायुमेघ होता. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातील क्वेसार, म्हणजे कमालीचा तेजस्वी स्रोत, मंदावला होता. त्याच्या पूर्वीच्या प्रखर प्रकाशाने तो वायू उजळला होता. ‘हिरवे वाटाणे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, वेगाने तारे घडवणाऱ्या छोट्या दीर्घिकाही स्वयंसेवकांच्याच नजरेने वेगळ्या काढल्या. आता अशा नोंदींवरच संगणक शिकवले जातात; अनपेक्षित गोष्टीपाशी थबकण्यासाठी मात्र माणूस अजून लागतो.

भारतात असे काम २०१३ पासून खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांच्या ‘रॅड अ‍ॅट होम’ या उपक्रमाने चालवले आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या, निरीक्षणांतून विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक वेगळ्या आकाराच्या दीर्घिका शोधतात. इथे नुसती छाननी होत नाही. रेडिओ आणि दृश्य प्रकाशातील प्रतिमा एकमेकींवर ठेवून अर्थ लावायलाही शिकवले जाते. ही मेहनत मोठी आहे आणि तिचे फळही तसेच आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॅड १२’ या शोधात एका दीर्घिकेच्या कृष्णविवरातून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळताना दिसतो.