कारणाचा रकाना

गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर आम्ही चार-सहा जण बसलो होतो. विषय निघाला युद्धाचा. हल्ली तो निघतोच. टीव्ही लावला की जगात कुठे ना कुठे बाँब पडताना दिसतो. आमच्या वस्तीतले हवालदारमामा लष्करातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "जवानाच्या आईनं रडावं, पण सरकारला जाब विचारू नये. त्यानं पोराचं मरण हलकं होतं." कडेला एक भगिनी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावतो. त्या म्हणाल्या, "मामा, जिचा गेला तिनं नाही विचारायचं, तर कोणी विचारायचं?" मामा काही बोलले नाहीत, पण त्यांना ते पटले नव्हते, हे दिसत होते.

मला त्या वेळी अमेरिकेतली एक आई आठवली. नाव सिंडी शीहान. २००५ च्या ऑगस्ट महिन्यात ती जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली होती. आज फारशी कोणाला आठवत नाही. ओट्यावर मी तिची हकीकत सांगितली, तीच वाचकांसाठी लिहितो आहे.

कॅलिफोर्निया राज्यातल्या व्हॅकाव्हिल गावचे हे साधे कुटुंब. चार मुलांत केसी थोरला. चर्चमध्ये सेवा करणारा, स्काउटमध्ये रमणारा मुलगा. २००० साली तो लष्करात भरती झाला. तेव्हा इराकच्या लढाईचे नाव नव्हते. लष्करात त्याचे काम गाड्या दुरुस्त करण्याचे, म्हणजे मेकॅनिकचे. मार्च २००४ मध्ये त्याची तुकडी इराकला गेली. ४ एप्रिल २००४ रोजी बगदादच्या सद्र सिटी या दाट, गरीब वस्तीत काही अमेरिकन सैनिक अडकले. त्यांना सोडवायला जी तुकडी निघाली तीत केसी होता. त्याच दिवशी तो मारला गेला. वय २४. इराकला पोचून महिनासुद्धा झाला नव्हता.

हे युद्ध कसे सुरू झाले, ते तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २० मार्च २००३ ला अमेरिकेने इराकवर हल्ला केला. अध्यक्ष जॉर्ज बुश यांचे म्हणणे होते की, सद्दाम हुसेनकडे महासंहारक शस्त्रे आहेत आणि ती जगाला धोक्याची आहेत. सद्दाम पडला, देश ताब्यात आला, शोधाशोध झाली. शस्त्रांचे साठे सापडले नाहीत. विरोधकांनी नव्हे, खुद्द अमेरिकन सरकारने नेमलेल्या तपासपथकाने २००४ मध्ये तसा अहवाल दिला. मग सांगण्यात येऊ लागले की, इराकमध्ये लोकशाही आणायची आहे. आणि पुढे पुढे तिसरेच कारण आले, त्याच्याकडे नंतर येतो.

मी कारकून माणूस. वीस वर्षांहून अधिक काळ व्हाउचरे तपासतो आहे. ऑफिसात दहा रुपयांच्या टाचण्या आणल्या तरी व्हाउचरवर कारणाचा रकाना भरावा लागतो. तो कोरा असेल तर कॅशियर पैसे देत नाही. एकदा लिहिलेले कारण खोडून दुसरे लिहिले, तर ऑडिटवाला लाल पेन्सिलीने खूण करतो आणि खुलासा मागतो. टाचण्यांना जो नियम, तो माणसांना का नसावा? सिंडीबाईंचा सगळा लढा मला एवढ्याच एका रकान्याचा वाटतो.

जून २००४ मध्ये बुश यांनी काही शोकाकुल कुटुंबांची भेट घेतली. त्यांत शीहान कुटुंबही होते. त्या भेटीनंतर सिंडीबाई गावच्या वर्तमानपत्राशी बोलल्या, तेव्हा अध्यक्षांबद्दल त्यांचा सूर मऊ होता. वर्षभराने त्या म्हणू लागल्या की, त्यांना आमच्या मुलाचे नावसुद्धा माहीत नव्हते. विरोधकांनी जुने कात्रण काढून दाखवले आणि बाई खोटे बोलतात, असा गवगवा केला. मला यात खोटेपणा दिसत नाही. पोरगा जाऊन दोन महिने झालेले, समोर देशाचा अध्यक्ष. अशा वेळी कोणती आई भांडते? दुःखाला तोंड फुटायला वेळ लागतो. मधल्या काळात शस्त्रे सापडली नाहीत, हेही जगाला कळले होते.

३ ऑगस्ट २००५ रोजी बुश यांनी भाषणात सांगितले की, इराकमध्ये पडलेले सैनिक एका उदात्त कार्यासाठी पडले. सिंडीबाईंनी तो शब्द धरला. कोणते उदात्त कार्य? माझा मुलगा कशासाठी मेला, एवढे मला समोर बसून सांगा. बुश तेव्हा टेक्सास राज्यातल्या क्रॉफर्ड गावाजवळच्या आपल्या शेतावर पाच आठवड्यांच्या सुटीवर आले होते. शेत म्हणजे सोळाशे एकरांच्या आसपास. गाव जेमतेम सातशे वस्तीचे. ६ ऑगस्टला या बाई काही साथीदारांना घेऊन तिथे पोचल्या. पहारेकऱ्यांनी वाटेत अडवले. तेव्हा रस्त्याकडेच्या चरातच त्यांनी खुर्ची टाकली आणि अध्यक्ष भेटेपर्यंत हलणार नाही, असे जाहीर केले. टेक्सासचा ऑगस्ट म्हणजे आपला मे महिना. अंगावर ऊन, रात्री तंबू. त्या जागेला नाव पडले कॅम्प केसी.

अध्यक्षांनी आपले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार स्टीफन हॅडली आणि आणखी एक मोठे अधिकारी पाठवले. ते बोलले, गेले. बाई म्हणाल्या, मला साहेबांनाच भेटायचे आहे. १२ ऑगस्टला बुश पक्षाच्या निधीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाला निघाले. मोटारींचा ताफा त्या चराजवळून गेला. देणगीदारांना वेळ आहे आणि मला का नाही, असा फलक घेऊन बाई उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी विचारले तेव्हा बुश म्हणाले की, अशा लोकांचे ऐकून घेणे महत्त्वाचे आहेच, पण मला माझे आयुष्यही पुढे चालवायचे आहे. त्यानंतर ते सायकल फिरवायला गेले. हे मी मनाचे सांगत नाही, तेव्हा छापून आलेले आहे.

एका आईमागे एवढे लोक का धावले? एक कारण असे की, त्या देशात मरण लपवून ठेवले होते. युद्धातून येणाऱ्या शवपेट्या डोव्हर विमानतळावर उतरत. तिथे फोटो काढायला १९९१ पासून बंदी होती. ती २००९ मध्ये सैल झाली. सक्तीची लष्करभरती १९७३ मध्येच बंद झालेली. त्यामुळे ज्या घरातला मुलगा भरती झाला, त्याच घराला युद्ध कळत होते. बाकीच्यांचे बाजारहाट, क्रिकेटसारखे त्यांचे बेसबॉल, सगळे सुरळीत. रस्त्याकडेला बसलेल्या या बाईमुळे मेलेल्या पोराला चेहरा मिळाला. त्या ऑगस्टपर्यंत १,८०० वर अमेरिकन सैनिक गेले होते. त्यांच्या नावाचे शेकडो लहान पांढरे क्रूस कॅम्पजवळ रोवले होते. एका रात्री एकाने त्यांच्यावरून गाडी घातली. ज्या सैनिकांच्या सन्मानासाठी त्याला राग आला, त्यांचीच नावे त्या क्रुसांवर होती.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हवालदारमामा मला सोडणार नाहीत. मुलगा गमावलेले दुसरे आईबापही होते, आणि ते सिंडीबाईंवर चिडले होते. तू आमच्या वतीने बोलत नाहीस, असे म्हणत काही जण कॅलिफोर्नियातून निघून क्रॉफर्डला पोचले. त्यांचे म्हणणे असे की, आमचा मुलगा स्वतःहून सैन्यात गेला, त्याला आपले काम पटले होते, तुम्ही त्याला फसवला गेलेला पोरगा ठरवू नका. हे म्हणणे टाकाऊ नाही. केसीनेसुद्धा मुदत संपत आली तेव्हा, युद्ध सुरू झालेले असताना, पुन्हा सही केली होती. सासरच्या नातेवाइकांनी पत्रक काढून बाईंचा मार्ग आम्हाला मान्य नाही, असे सांगितले. त्याच महिन्यात नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज दिला, आणि बाईंच्या आईला पक्षाघाताचा झटका आला. एक आठवडा त्या आईजवळ राहिल्या आणि पुन्हा चरात येऊन बसल्या.

आपल्या समाजालाही हा पेच नवा नाही. लष्कराने आपल्या घरांना पगार दिला, पेन्शन दिली, शाळा दिली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करातच होते. तेव्हा गणवेशाबद्दल तुच्छतेने बोलणे आपल्याला शोभत नाही. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत भिंतीवर गणवेशातला फोटो असेल. परंतु शिपायाचा मान राखणे वेगळे आणि त्याला पाठवणाऱ्याचा हिशेब न मागणे वेगळे. मामा इथे दोन खाती एकत्र करतात, असे मला वाटते.

आता ते तिसरे कारण. ऑगस्ट संपता संपता बुश भाषणांतून सांगू लागले की, जे गेले त्यांचे आपण देणे लागतो. ज्यासाठी त्यांनी प्राण दिले, ते काम पुरे केले पाहिजे. ऐकायला हे गोड आहे. पण नीट पाहा. आजवर एवढी माणसे खर्ची पडली म्हणून आणखी खर्च करा, असा हा हिशेब आहे. बुडीत धंद्यात पैसे घातलेला माणूस असेच म्हणतो आणि उरलेली चीजवस्तूही गहाण टाकतो. सिंडीबाईंचे उत्तर असे होते की, माझ्या केसीचे नाव घेऊन दुसऱ्या आईचा मुलगा मारू नका. या एका मुद्द्यावर मला त्यांच्या विरोधकांचे पटण्यासारखे उत्तर कुठे वाचायला मिळाले नाही.

भारताचाही या युद्धाशी संबंध येता येता राहिला. ८ एप्रिल २००३ रोजी आपल्या लोकसभेने या युद्धाचा निषेध करणारा ठराव केला. पुढे अमेरिकेने भारताकडे एक डिव्हिजन, म्हणजे पंधरा-वीस हजार जवान मागितले. दिल्लीत बरीच चर्चा झाली. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने निर्णय दिला की, संयुक्त राष्ट्रसंघाचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय फौज पाठवणार नाही. तो निर्णय उलटा झाला असता, तर सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतलीही पोरे सद्र सिटीसारख्या वस्त्यांत गस्त घालायला गेली असती आणि आपल्याकडच्या आयांना हाच प्रश्न पडला असता. आपल्याला ती वेळ आली नाही, हे त्या वेळी किती जणांच्या ध्यानात आले कोण जाणे.

सिंडीबाई चुकल्या नाहीत असे नाही. प्रसिद्धी मिळाली तशी जीभ सैल झाली. बुश यांना त्यांनी नको नको ते म्हटले. कोणाबरोबर व्यासपीठावर जावे, याचा विवेक सुटला, असे मला वाटते. जानेवारी २००६ मध्ये मेलेल्या सैनिकांचा आकडा छापलेला टी-शर्ट घालून त्या संसदेत अध्यक्षांच्या भाषणाला गेल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांना अटक केली. मागाहून आरोप मागे घ्यावे लागले. केसीच्या विम्याच्या पैशांतून त्यांनी क्रॉफर्डला पाच एकर जमीन घेतली. २००६ च्या अखेरीस विरोधी डेमोक्रॅटिक पक्ष निवडणूक जिंकला. आता युद्ध थांबेल, असे बाईंना वाटले होते. २००७ च्या मे महिन्यात त्याच संसदेने फौज माघारी आणण्याची तारीख न घालता युद्धाचा पैसा मंजूर केला. बुश यांच्यावर टीका करत होत्या तोवर या पक्षाने त्यांना डोक्यावर घेतले. त्याच पक्षाला त्यांनी प्रश्न विचारला, तेव्हा त्या नकोशा झाल्या. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना हा अनुभव सांगायला नको.

२८ मे २००७, अमेरिकेचा सैनिक-स्मृतिदिन. त्या दिवशी त्यांनी आपण चळवळीतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. त्या पत्रात त्यांनी लिहिले की, केसी खरोखरच कशासाठीही मेला नाही, हे आपल्याला कळून चुकले आहे. जो प्रश्न घेऊन त्या चरात बसल्या होत्या, त्याचे उत्तर शेवटी त्यांनाच लिहावे लागले. पुढे २००८ मध्ये त्या डेमोक्रॅटिक नेत्या नॅन्सी पेलोसी यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि सुमारे सोळा टक्के मते घेऊन दुसऱ्या आल्या.

फौज इराकमधून डिसेंबर २०११ मध्ये परतली. तोवर जवळजवळ साडेचार हजार अमेरिकन सैनिक गेले होते. इराकी नागरिक लाखाच्या वर. त्यांच्या आयांना बसायला क्रॉफर्डचा रस्ता नव्हता आणि त्यांचे फोटो काढायला कोणी येत नव्हते.

आणखी एक गोष्ट राहिली. केसीच्या थडग्यावर दोन वर्षे दगड नव्हता. विरोधकांनी त्यावरूनही बाईंना झोडपले. जगभर भाषणे करता, पोराला दगड बसवता येत नाही? बाईंना मुलाचे नाव दगडावर कोरलेले पाहणे सोसत नव्हते. २००६ मध्ये तो बसवला.

ओट्यावर एवढे सांगून मी थांबलो. मामांनी विचारले, "मेकॅनिक होता म्हणता, मग त्याला लढाईला कुणी काढला?" मी म्हणालो, अडकलेल्यांना सोडवायला तो स्वतःहून निघाला, असे सांगतात. मामांनी मान हलवली. "चांगला शिपाई होता," म्हणाले. मग चपला घालता घालता थांबले. "ती आई परत भेटली का मग त्या साहेबाला?"

नाही भेटली, मी म्हणालो.