विश्लेषण : एमडी पकडले, खटला टिकणार का?

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी पुणे, दौंडजवळचे कुरकुंभ, सांगली आणि दिल्ली येथून सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन, म्हणजेच एमडी, जप्त केले. किंमत सांगितली गेली साडेतीन हजार कोटींच्या वर. अशा आकड्यांचा मथळा होतो. न्यायालयात मात्र माल किती कोटींचा, यापेक्षा तो कोणी, कधी आणि कोणासमोर मोजून सील केला, हे आधी विचारले जाते.

कायदा कच्चा आहे का?

अजिबात नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात एमडीची व्यावसायिक मात्रा 50 ग्रॅम आहे. त्याहून जास्त सापडल्यास किमान 10 वर्षे सक्तमजुरी. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी आधार दिसल्याशिवाय कलम 37 नुसार जामीनही मिळत नाही. आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला 180 दिवस मिळतात.

मग अडते कुठे?

पंचनाम्यात. शिक्षा जितकी कडक, तितकी न्यायालये प्रक्रियेबाबत काटेकोर. बंद जागेवर छापा टाकायचा तर मिळालेली खबर लिहून काढायची आणि 72 तासांत वरिष्ठांना कळवायची. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे, हे अंगझडतीपूर्वी आरोपीला सांगायचे. 2010 मध्ये घटनापीठाने हे बंधनकारक ठरवले. मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे. मध्यरात्री एखाद्या शेडवर पोहोचलेल्या उपनिरीक्षकाने यातले काही चुकवले, तर बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. नमुन्यांबाबतच्या प्रत्येक त्रुटीने खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले, एवढाच दिलासा.

कबुलीजबाबाचा आधारही राहिलेला नाही. 2020 च्या तोफान सिंग निकालानंतर तपास अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरत नाही. साहजिकच सगळा भार जप्ती, प्रयोगशाळेचा अहवाल आणि साक्षीदार पंचांवर येतो. त्यात खटला रेंगाळला तर तेही जामिनाचे कारण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आहे. ते योग्यच आहे. सरकारी दिरंगाईची शिक्षा कच्च्या कैद्याने का भोगावी?

मकोकाने फरक पडेल?

अमली पदार्थांची तस्करी मकोकाच्या कक्षेत आणणारे विधेयक विधिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजूर केले. मकोकात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य असते, हे त्यामागचे मोठे आकर्षण. पण हे कलम लावण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, न्यायालयाने दखल घेण्याआधी अतिरिक्त महासंचालकांची. शिवाय संघटित टोळी आणि तिच्यावरील आधीची आरोपपत्रे दाखवावी लागतात. म्हणजे ज्या ठाण्याला एक पंचनामा नीट करता येत नाही, त्याच्या टेबलावर आता आणखी दोन फायली येणार.